स्मरणशक्तीचा धडाच लक्षात राहत नाही

"नमस्कार ताई,
मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, बरीचशी सातारा-स्वारगेट लाइनवर. तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. शिक्षण अर्धवट राहिलं होतं म्हणून आता घरी बसून, बाहेरून बी.ए. करतोय, मानसशास्त्र घेऊन. बाकीचे धडे जमतात. 'मेंदूची रचना आणि स्मृती' हा मात्र चार वेळा वाचला, पिवळ्या पेनने सगळा रंगवला, तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, थॅलॅमस, हायपोथॅलॅमस, सगळ्यांची सरमिसळ होते. सराव परीक्षेत हिप्पोकॅम्पसच्या प्रश्नाला अमिग्डालाचं उत्तर लिहून आलो. बायको म्हणते, स्मरणशक्तीचा धडा विसरणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. गंमत अशी की तीस वर्षांपूर्वीचे टप्पे अजून ओळीनं पाठ आहेत. मग वयामुळं नवीन काही आत शिरतच नाही का? भाचा म्हणतो आपण मेंदू दहाच टक्के वापरतो. त्यानं ब्राह्मीच्या गोळ्याही आणून दिल्यात. घेऊ का? की नाद सोडू?
— एक वाचक, सातारा"

भाऊ, नाद सोडू नका.

गोळ्यांचं आधी उरकून टाकते. ब्राह्मी खाऊन धडा पाठ झाला, असं माझ्या बावीस वर्षांच्या शिकवण्यात एकाही विद्यार्थ्याच्या बाबतीत मी पाहिलेलं नाही. तुम्हाला बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात भर घालू नका. आणि दहा टक्क्यांची गोष्ट निव्वळ थाप आहे. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण नुसतं बसून असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा खातो. नव्वद टक्के गाड्या डेपोत उभ्या ठेवून कुणी एवढं डिझेल जाळत नाही, असं भाच्याला सांगा.

आता मुद्द्याचं. टप्पे पाठ आहेत म्हणता. ते पाठ कधी केलेत? भाडेतक्ता घेऊन, पिवळ्या पेनने रंगवून? मला नाही वाटत. गाडी स्वारगेटहून निघायची, मागून कुणीतरी 'कापूरहोळ दोन, एक हाफ' म्हणायचं आणि तुम्हाला उभ्या उभ्या भाडं सांगावं लागायचं. चुकलं तर संध्याकाळी पैसे भरताना खिशाला चाट. म्हणजे टप्पे तुम्ही डोक्यात भरत बसला नाहीत, हजारो वेळा डोक्यातून बाहेर काढलेत. धड्याच्या बाबतीत नेमकं उलटं चाललंय. चार वेळा भरलात, काढलात एकदाच, तेही थेट परीक्षेत.

पुन्हा पुन्हा वाचण्यात एक फसगत आहे. तिसऱ्या वाचनाला पान ओळखीचं वाटतं, वाक्य पुढं काय म्हणणार ते कळतं, आणि आपल्याला वाटतं, झालं की पाठ. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोज सकाळच्या गाडीला शिरवळला चढणारा पासवाला माणूस तुम्ही गर्दीतही ओळखला असता. त्याचं नाव सांगता येईल?

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. एका गटाला एकच उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला तो एकदाच दिला, आणि मग तीन वेळा कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं पाहिलं तर वाचणाऱ्यांच्या डोक्यात ४० टक्के उरलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांच्या ६१ टक्के. आपल्या आज्यांना हे सांगायला प्रयोगशाळा लागली नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला की परवचा म्हणायची, पाढे, पावकी, निमकी, सगळं तोंडानं, पुस्तक मिटून. परवचा म्हणजे रोजची परीक्षाच होती, फक्त तिला मार्क नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट, ते पिवळं पेन नातवंडांना देऊन टाका. एक पान वाचा, पुस्तक पालथं घाला, आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. पहिल्या दिवशी चारच ओळी येतील. येऊ देत. डोकं खाजवण्याचा तो त्रास होतो ना, कामाचा भाग तोच आहे. मग पुस्तक उघडून काय राहिलं तेवढंच बघा.

आता नावांच्या सरमिसळीबद्दल. ही नावं ग्रीक-लॅटिन असल्यामुळं आपण बिचकतो, पण ज्यांनी ती ठेवली त्यांनी डोळ्यांना जे दिसलं तेच ठेवलं. अमिग्डाला म्हणजे बदाम. थॅलॅमस म्हणजे घरातली आतली खोली, आपलं माजघर म्हणा. हायपो म्हणजे खाली, म्हणून हायपोथॅलॅमस हा माजघराच्या खालचा. कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, मोठ्या मेंदूवरचा तो वळ्यावळ्यांचा थर. आणि हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा. इटलीत बोलोन्याला अरांझी नावाचे शरीररचनेचे अभ्यासक होते, त्यांना मेंदू उघडल्यावर आत एक वाकडा उंचवटा दिसला, समुद्रघोड्यासारखा. १५८७ साली त्यांनी तसं लिहून ठेवलं आणि नाव चिकटलं. बदाम, माजघर, साल, समुद्रघोडा. यात पाठ करण्यासारखं काय आहे? उलट शालेय पुस्तकातलं प्रमस्तिष्क (म्हणजे मोठा मेंदू) आणि मस्तिष्कपुच्छ (म्हणजे मेंदूचं खालचं, शेपटासारखं टोक) मला जास्त जड वाटतं, पण परीक्षेत ते लिहावं लागेल, तेव्हा तेही जोडीनं येऊ द्या.

समुद्रघोडा आणि बदाम यांची अदलाबदल तुमच्याकडून पुन्हा होऊ नये म्हणून एका माणसाची गोष्ट सांगते. धड्यात ती बहुधा दोन ओळींत उरकली असेल. हेन्री मोलेसन, अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा. त्याला फिट्स यायच्या, इतक्या की नोकरी करता येईना. १९५३ मध्ये, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्डला डॉ. स्कोव्हिल यांनी ऑपरेशन करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गेला. फिट्स कमी झाल्या. पण त्या दिवसापासून नवीन आठवण टिकेना. डॉक्टर खोलीतून बाहेर जाऊन परत आले की त्याच्या लेखी नवीन माणूस. जेवण झाल्याचं लक्षात नाही. बोलायला मात्र चांगला, बुद्धी शाबूत, लहानपणच्या गोष्टी सांगायचा.

यातून पहिली गोष्ट कळली ती ही की नवीन प्रसंगाची नोंद करायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण जुनी मुरलेली आठवण सगळी तिथंच पडून राहत नाही, ती हळूहळू वरच्या सालीत, कॉर्टेक्समध्ये पसरते. तुमचे टप्पे आता त्या सालीत आहेत. धडा अजून नोंदणीच्या खिडकीवर उभा आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ मॉन्ट्रिअलहून येऊन मोलेसनला तपासायच्या. त्यांनी त्याला एक चांदणी दिली, दुहेरी रेघांची, आणि त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायला सांगितली. अट अशी की हात थेट दिसणार नाही, आरशातच बघायचं. करून बघा कधी. हात उजवीकडे न्यायला जावं तर भलतीकडेच जातो. मोलेसनचंही पहिल्यांदा तसंच झालं. तीन दिवस सराव केला आणि तिसऱ्या दिवशी तो सराईतासारखी चांदणी काढत होता. आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्याला अजिबात आठवत नव्हतं. हात शिकले होते, माणसाला पत्ता नव्हता.

म्हणजे आठवण नावाची एकच कोठी नाही. हातापायांची आठवण वेगळ्या वाटेनं जाते. लहान मेंदू आणि मोठ्या मेंदूच्या पोटातल्या काही गाठी ते काम सांभाळतात. मशिन येण्याआधी तुम्ही चालत्या गाडीत, दांडीला न धरता, ट्रेमधून तिकीट काढून पंच करायचात. ते कसं करायचात ते मला कागदावर लिहून पाठवा म्हटलं तर जमणार नाही. आज ट्रे हातात दिला तर बोटं आपोआप चालतील.

मोलेसन २ डिसेंबर २००८ ला ब्याऐंशीव्या वर्षी वारला. तोवर जगाला तो फक्त एच. एम. या आद्याक्षरांनी माहीत होता. पुढच्या वर्षी सॅन दिएगोला त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून ठेवले. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक त्याला तपासत राहिले, आणि दर वेळी त्याला नव्यानं ओळख करून द्यावी लागायची. मी वर्गात हे सांगताना नेहमी थांबते, पुढं काय बोलावं ते सुचत नाही.

राहिला बदाम. अमिग्डाला हिप्पोकॅम्पसच्या अगदी पुढच्या टोकाशी बसलेला असतो आणि भीतीची, भावनेची शाई पुरवतो. साध्या फेऱ्या विसरल्या जातात, पण घाटात कधी ब्रेक लागला नसेल तर तो दिवस, पाऊस, ड्रायव्हरचा चेहरा, सगळं आजही लख्ख असेल. नोंद समुद्रघोडा करतो, बदाम शेजारून ओरडतो की हे ठळक लिही.

तुमच्याच लाइनीतला एक अभ्यास सांगायलाच हवा. लंडनमध्ये काळ्या टॅक्सीचं लायसन्स मिळवायला चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. त्याला ते लोक 'नॉलेज' म्हणतात, आणि त्यात तीन-चार वर्षं सहज जातात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग प्रश्न आला की हे रस्त्यांमुळं की दिवसभर गाडी चालवण्यामुळं? म्हणून २००६ मध्ये त्यांनी तुलनेला कोण घेतले असतील? बसड्रायव्हर! तेच शहर, तीच गर्दी, पण रूट ठरलेला. बसवाल्यांच्यात ती वाढ नव्हती. रागावू नका, पुढं ऐका. नवीन आकृत्या लक्षात ठेवायच्या एका चाचणीत टॅक्सीवालेच मागे पडले. एक कोपरा भरला की दुसरीकडे किंमत मोजावी लागते असं दिसतं. आणि २०११ मध्ये त्यांच्या गटानं शिकाऊ उमेदवार घेतले, सुरुवातीला स्कॅन आणि काही वर्षांनी पुन्हा स्कॅन. जे पास झाले त्यांच्यात वाढ दिसली, नापासांच्यात नाही. ही शाळकरी पोरं नव्हती, चांगली मोठी, संसारी माणसं होती. तुमच्या वयाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलं.

हिप्पोकॅम्पसचं जागेशी हे नातं तुमच्या कामाला येणार आहे. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा चेतापेशी सापडल्या की उंदीर खोलीतल्या एका विशिष्ट जागी आला तरच त्या पेटतात. त्याबद्दल त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं, मोझर दांपत्याबरोबर. प्रसंगांची नोंद आणि जागांचा नकाशा एकाच खात्याकडे असल्यामुळं, जागेला बांधलेली गोष्ट लवकर सुटत नाही. सायमोनिडीस नावाच्या प्राचीन ग्रीक कवीच्या नावावर ही युक्ती सांगतात. ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट ठेवत जायची आणि मग मनातल्या मनात ती वाट चालायची. ग्रीकांकडे राजवाडे होते. तुमच्याकडे स्वारगेट-सातारा आहे.

मी सुरुवात करून देते. स्वारगेट स्टँड म्हणजे थॅलॅमस. डोळे, कान, त्वचा, सगळीकडच्या गाड्या इथं लागतात आणि फलाटाप्रमाणे पुढं सुटतात. फक्त वासाची गाडी स्टँडात न येता बाहेरूनच जाते, हा परीक्षेतला आवडता प्रश्न आहे. पुढं कात्रज, डेअरी डोळ्यांसमोर आणा: भूक, तहान, शरीराचं तापमान, म्हणजे हायपोथॅलॅमस. खेड शिवापूरचा टोलनाका हा कपाळामागचा पुढचा भाग, जिथं निर्णय होतात आणि एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा साताच्या आसपास सांगितली, नंतरचे लोक चारवर आले. तुम्हाला ती मर्यादा आधीच ठाऊक होती, नाहीतर प्रत्येकाचे राहिलेले सुट्टे तुम्ही तिकिटाच्या पाठीमागं कशाला लिहून दिले असते? मग खंडाळा, तिथं अमिग्डाला, कारण पुढं घाट आहे आणि पोटात गोळा येतो. खंबाटकीची ती वाकडी चढण म्हणजे समुद्रघोडा. बदाम आधी, घोडा लगेच मागं, मेंदूत आहे त्याच क्रमानं. घाट उतरला की भुईंजच्या आसपास पसरलेलं उसाचं शिवार, ती कॉर्टेक्स, जिथं जुना माल लांबरुंद पसरलेला असतो. आणि सातारा स्टँडवर मस्तिष्कपुच्छ, श्वास आणि हृदयाचे ठोके, जे बंद पडलं तर प्रवासच संपला. लहान मेंदू मुद्दाम ठेवला नाही. उभ्या प्रवाशांचा तोल हमखास जायचा ते वळण तुम्हाला माहीत असेल, तो तिथं बसवा. माझी ठिकाणं पटली नाहीत तर बदला. स्वतः बसवलेली जास्त टिकतात.

एक घाणेरडं काम सांगते, पण त्यानं जेवढं कळतं तेवढं आकृतीनं कळत नाही. रविवारी मटणवाल्याकडून बकऱ्याचा भेजा अख्खा मागून आणा. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो. कच्चा हातात धरला तर दह्यासारखा घसरतो, म्हणून हळद-मीठ घातलेल्या पाण्यात दोन उकळ्या काढा, घट्ट होईल. ताटलीत ठेवा. वर दोन अर्ध आणि मधली खाच दिसेल, मागं बारीक आडव्या रेघांचा वेगळा गोळा दिसेल, तो लहान मेंदू. धारदार सुरीनं मधोमध उभा कापा. लहान मेंदूच्या कापावर पांढऱ्या फांद्यांचं एक झाड उमटतं. पुस्तकात ते काळ्या शाईचं असतं, इथं खरं दिसतं. दोन्ही अर्धांना जोडणारा पांढरा पट्टा दिसेल. मग एका अर्धाची वरची साल बोटानं हळूच बाजूला सारा. आत पोकळी आहे, तिच्या तळाशी एक वाकलेला गुळगुळीत पांढुरका उंचवटा. तोच. माणसात आणि बकऱ्यात त्याची मांडणी थोडी वेगळी असते, पण एकदा बोट लागलं की सराव परीक्षेतली चूक तुमच्याकडून होणार नाही. मी शिकत असताना तोंडी परीक्षेत माझी अशीच फजिती झाली होती, सगळी नावं पाठ होती, आणि बरणीतला खरा मेंदू समोर ठेवल्यावर एकही भाग दाखवता आला नाही. माळकरी असाल तर शाडूची माती आणा आणि हातानं घडवा, तेही चालतं.

किती वेळा, कधी? एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःलाच पाठांतराला बसवून १८८५ मध्ये विसरण्याचा हिशेब मांडला. पहिल्या काही तासांत घसरण सगळ्यात जोराची, मग ती मंदावते. त्याच्या हिशेबातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. पूर्ण विसरलो असं वाटलेलंही पुन्हा शिकायला आधीपेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे तुमची पाटी कोरी दिसते, पण तिच्यावर ओरखडे आहेत. आज फेरी मारलीत तर उद्या मारा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. एका बैठकीत दहा फेऱ्या मारू नका. आणि अभ्यासाच्या नावाखाली झोप कापू नका, कारण दिवसा झालेल्या फेऱ्या मेंदू झोपेत पुन्हा चालवून बघतो. उंदरांच्या त्या जागा ओळखणाऱ्या पेशी झोपेतही त्याच ओळीनं पेटताना सापडल्या आहेत.

वयाचं उरलेलं अर्धं उत्तर. साठीनंतर नवीन गोष्ट बसायला वेळ लागतो आणि नावं जिभेवर येऊन अडतात, हे खरं आहे. पण तुमच्या पत्रात मला काळजीचं काही दिसलं नाही. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागलात, तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारायला लागलात, पैशांचे साधे हिशेब जमेनात, किंवा घरच्यांना हे तुमच्याआधी जाणवलं, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, मनाची उदासी, यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपाय असतात. धडा न आठवणं यात बसत नाही.

आणि भेजा फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर डब्यावर चिठ्ठी लावा. बायकोनं तो कांदा-टोमॅटोवर टाकला तर अभ्यास राहील बाजूला, आणि चूक त्यांची नसेल.